दिवस मावळला की मी मिटते

मित्रांनो, मी एक वेबसाईट आहे आणि आता जुनी झाले आहे. तुम्ही म्हणाल, वेबसाईट कशी जुनी होईल? तिला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. खरं आहे. पण माझी अक्षरं साधी आहेत, माझ्यावर एकही चित्र हलत नाही, आणि संध्याकाळी दिवस मावळला की मी मिटते. मग कुणी कितीही बोट टेकवलं तरी माझ्यावर दोनच ओळी दिसतात : 'दिवस मावळला. आता आमच्या घरी जेवणाचं बोलणं होत नाही.' एवढ्यासाठी लोक मला हसले. शिकाऊ म्हणाले, अडाणी म्हणाले. एकदा तर मला काढूनही टाकलं. तरी मी आहे, आणि अजूनही तशीच मिटते. ते कसं, तेच आज सांगते.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात सीताबाईंची मेस आहे. मेस म्हणजे राहतं घरच. शिकायला बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींना इथून दोन वेळचा डबा जातो. सीताबाई जैन, आणि व्रतनियमाच्या. सकाळी मंदिर, संध्याकाळी सामायिक, म्हणजे ठरावीक वेळ ध्यानाला बसणं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, असं कुठलंच कंदमूळ त्यांच्या स्वयंपाकघरात येत नाही. दिवस बुडायच्या आत सगळ्यांची जेवणं होतात आणि शेगडी बंद होते. हल्ली सगळ्याच घरांत इतकं पाळत नाहीत. म्हणून जी घरं पाळतात, ती आपली पोरं सीताबाईंच्या भरवशावर कोल्हापुरात ठेवतात.

सीताबाईंचा आणखी एक नियम होता, तो त्यांचा एकटीचा. दिवस मावळल्यावर त्या खाण्याविषयी बोलतही नसत. उद्या भाजी कुठली, एवढंसुद्धा नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "तोंडाला बी इसावा पायजे की."

त्यांचा मोठा मुलगा श्रेणिक दुचाकीवरून डबे पोचवायचा. आणि फोन घ्यायचे ते त्याच्या बायकोने, सोनलने. हात कणकेत, फोन खांद्याच्या आणि कानाच्या मध्ये, अशी तिची सकाळ जायची. आज डबा नको. आज दोन पाठवा. भाकरीऐवजी चपाती चालेल का. एके दिवशी असाच बोलता बोलता फोन आमटीच्या पातेल्यात पडला. फोन वाचला, आमटी गेली. त्याच आठवड्यात सोनलने राजारामपुरीतल्या वेब डिझाईनच्या क्लासला नाव घातलं.

वर्गात तिशी ओलांडलेली ती एकटीच, बाकी सगळी कॉलेजची मुलं. शिकवायला शबनूर मॅडम होत्या. त्या मूळच्या कबनूरच्या, वडिलांचे यंत्रमाग. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मागावर आधी उभं सूत चढतं. ते नीट लागलं न्हाई तर वर कसली बी नक्षी घाला, कापड बिघडणारच. वेबसाईटचं बी तसंच. आधी सांगाडा. रंग कुठला घेऊ म्हणून मला इतक्यात कुणी विचारायचं न्हाई."

सांगाडा म्हणजे खुणा. शीर्षक इथे सुरू झालं याची एक खूण, इथे संपलं याची दुसरी. सोनलने पहिली खूण दिली आणि दुसरी द्यायची विसरली. झालं, माझं सगळं अंगच शीर्षक झालं. मेसच्या नावापासून बोळाच्या पत्त्यापर्यंत सगळी अक्षरं ठळक आणि भली मोठी. हा माझा जन्म. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "काकू, साईट हाय का निवडणुकीचा फलक?"

सोनल कानापर्यंत लाल झाली, पण उठून गेली नाही. तिने मॅडमना हळूच विचारलं, "उघडलेलं बंद करायचं राहिलं, एवढंच न्हवं?"

"एवढंच," मॅडम म्हणाल्या. "शिकाऊ माणसाच्या निम्म्या चुका ह्याच असतात. मी बी केल्यात."

मग पोशाखाची पाळी आली. सोनलने मला पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिली, कारण मंदिरात तिला तो रंग आवडायचा. घरी आल्यावर सीताबाईंनी फोन हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. "काय लिवलंय दिसंना बाई. नुसतं ऊन पडल्यागत दिसतंय." दुसऱ्या दिवशी माझी अक्षरं काळी झाली, ती आजपर्यंत काळीच आहेत. ताटाचा फोटो टाकला तो इतका जड की वसतिगृहातल्या मुलींची भूक मरून जायची तरी उघडायचा नाही. तो हलका करायला सोनल शिकली. क्लासमधल्या मोठ्या पडद्यावर मी ऐसपैस दिसायचे, आणि फोनवर बघावं तर निम्मं ताट गायब. मग पडद्याच्या रुंदीप्रमाणे अंग आवरून घ्यायला मला शिकवलं गेलं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन फोटोमागचे शब्द वाचून दाखवतो, असं मॅडमनी सांगितलं. तेव्हा सोनलने फोटोमागे लिहिलं, 'ताटात ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी.' आधी तिने तिथे नुसतं 'फोटो' असं लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं होतं, "फोटो खायचा हाय व्हय?"

मी पुरी झाले त्या दुपारी सोनलने मला सीताबाईंपुढे धरलं. त्यांनी सगळं वाचून घेतलं आणि माझ्या माथ्यावर बोट ठेवलं.

"हे माझं नाव न्हवं?"

"व्हय आत्ती."

"मग ही जे बोलंल, ते मीच बोलले असं हुतंय."

"तसंच म्हणायचं."

"मग दिवस बुडाल्यावर हिनं बी गप ऱ्हायला पायजे."

दुसरं कुणी असतं तर सासूला समजावत बसलं असतं. सोनलला ते सरळ वाटलं. माथ्यावर नाव ज्याचं, नियम त्याचा. तिने मला सांगून ठेवलं, संध्याकाळी सहा वाजले की मिटायचं.

इथे तिची चूक झाली, आणि ती व्रत पाळणाऱ्या घरातच ध्यानात येऊ शकते. सूर्य काही घड्याळाचे सहा बघून मावळत नाही. उन्हाळ्यात बाहेर लख्ख ऊन आणि मी मिटलेली. पोरं फोन करून भांडायची, "काकू, दिवस कासराभर वर हाय की अजून." आणि मार्गशीर्षात एकदा सीताबाई गच्चीवर उभ्या असताना सूर्य गेला तरी माझी बडबड चालूच. त्यांनी वरूनच सांगितलं, "सोनल, बुडाला. ही अजून बोलतीया."

सोनल तशीच क्लासला गेली. शबनूर मॅडम ऐकून हसल्या. "सहा कुठनं आणलास तू? मावळती रोज सरकती. रमजानात आमच्या घरात सगळी खजूर हातात धरून तिच्याकडंच बघत बसलेली असतात, मला ठावं न्हाई व्हय." मग दोघींनी बसून कोल्हापूरच्या वर्षभराच्या मावळतीच्या वेळा माझ्या पोटात घातल्या. त्या दिवसापासून मी सूर्याबरोबर मिटू लागले.

क्लास संपताना एका कंपनीचे साहेब मुलांचं काम बघायला आले होते. संध्याकाळची वेळ, आणि माझी पाळी आली तेव्हा मी नुकतीच मिटलेली. साहेब सोनलला म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक रात्री येतं आणि तुम्ही शटर पाडता?" वर्गात खसखस पिकली. सोनल नेहमीच्याच बारीक आवाजात म्हणाली, "आमचं गिऱ्हाईक दिवसाच जेवतंय, सर." साहेब पुढच्या मुलाकडे वळले. मला मात्र तेव्हाच कळलं की मी कोणाची लेक आहे.

पुढची काही वर्षं मी मान वर करून काम केलं. सकाळी उजाडलं की उघडायचं, कोणाला डबा हवा, कोणाला नको, ते विचारून सोनलच्या फोनवर धाडायचं. तिचे हात कणकेत असले तरी आता कान मोकळे होते. बोर्डिंगातल्या सम्मेद नावाच्या मुलाने एकदा फोनचं घड्याळ मागे फिरवून मला फसवलं. मला वाटलं दुपारच आहे, मी बोलून बसले. सकाळी ते उघडकीला आलं तेव्हा सीताबाई म्हणाल्या, "लईच भूक लागली आसंल त्याला. आज दोन भाकरी जास्त टाका." त्यानंतर त्याने तसं कधी केलं नाही. मुली मला मैत्रिणींना पाठवायच्या. कुणीतरी माझ्या त्या दोन ओळींचा फोटो काढून गावाकडे धाडला, आणि तो बघून शिरोळकडच्या एका आजीने आपली नात सीताबाईंच्या स्वाधीन केली. आजीचं नाव बयाबाई, नातीचं आदिती. इंजिनीअरिंगला आलेली ही त्यांच्या घरातली पहिली पोर. बयाबाईंची अट एकच होती. पोरीचं जेवण नियमाचं राहिलं तर शिक्षण, नाहीतर घर.

मग यंदाचं वर्ष आलं. जवळच एक मोठं स्वयंपाकघर सुरू झालं, तिथे मध्यरात्रीपर्यंत फोनवरून काहीही मागवता येतं. सीताबाईंचे डबे कमी झाले, हे खोटं नाही. पर्युषण पर्वासाठी धाकटा मुलगा पारस पुण्याहून आला. त्याने मला फोनवर वरखाली सरकवलं आणि म्हणाला, "वहिनी, शिकायला म्हणून ठीक हाय. पण धंद्याला ही चालायची न्हाई. संध्याकाळी अर्धं जग फोन घेऊन बसतंय, आणि आपली साईट झोपलेली."

"आत्तींचा नियम हाय, भाऊजी."

"आईनं पाळावा की. मी कुठं न्हाई म्हणतोय? उद्याचा डबा रात्री सांगितला तर कुणाला काय पाप लागतंय? वेबसाईटला कुठं व्रत असतंय?"

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर म्हणाले असते, मला आहे. मला कुणी विचारलं नाही. सीताबाईंनी पर्वाचे उपवास आणि मौन धरलं होतं, त्यांनाही कुणी विचारलं नाही. सोनलला वाटलं, आपण चार महिने शिकलेली बाई, यांना जास्त कळत असेल. ती गप्प बसली. पारसच्या उदयसिंह नावाच्या मित्राने नवी वेबसाईट बनवली. पर्व संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या पत्त्यावर ती येऊन बसली आणि मला सोनलने एका कोपऱ्यात ठेवलं. कोपऱ्याचं नाव 'जुनी'.

तिथे सकाळ होत नाही आणि मावळतही नाही. मिटणं मला नवं नव्हतं, पण तेव्हा मी नियमाने मिटायचे. हे मिटणं लादलेलं होतं. बाहेर काय घडलं ते मला नंतर कळलं, सोनल सगळं शबनूर मॅडमना फोनवर सांगत होती तेव्हा.

नवी दिसायला देखणी होती. चित्रं सरकायची, बटणं चमकायची, आणि मधोमध भलं मोठं भरलेलं ताट. माथ्यावर मात्र नाव सीताबाईंचंच. पहिल्याच संध्याकाळी, सीताबाई सामायिकाला बसलेल्या असताना, तिने जुन्या सगळ्या मुलामुलींना निरोप धाडले : 'उद्या काय खाणार? आत्ताच सांगा.' चार नव्या मागण्याही आल्या. पारस खूश होता.

सकाळी सीताबाईंच्या फोनवर बयाबाई बोलल्या.

"सीताक्का, तुमच्यात कांदा चालू झाला व्हय?"

"कुठला कांदा?"

"ताटात. गोल गोल चकत्या. पोरीनं फोटो धाडलाय. आणि रात्री तिला तुमच्या नावानं निरोप आला, उद्या काय खाणार म्हणून. मला आधी वाटलं, सीताक्का आजारी हाय का काय."

सीताबाईंनी शपथेवर सांगितलं, कांदा नाही, कधी येणारही नाही.

"तुम्ही सांगताय एक आणि दाखवताय एक," बयाबाई म्हणाल्या. "मी कशावर पोर ठेवायची? डबा थांबवा. येत्या रविवारी येऊन तिला घराकडं घेऊन जाते."

मागोमाग आणखी दोन घरांतून तसेच फोन आले. सोनल भिंतीला टेकून उभी होती. आदितीची परीक्षा तोंडावर होती, आणि तिचं शिक्षण एका चित्रावरून मोडायला निघालं होतं.

दुपारी उदयसिंहला बोलावलं. तो मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "काकू, फोटो तयार मिळतो ओ, सगळीच वापरतात. कांदा आत्ता काढतो." त्याने चकत्या पुसल्या. सीताबाई चष्मा लावून शेजारी बसल्या.

"ह्यो बटाटा हाय."

त्याने भाजी पुसली.

"कोशिंबिरीत गाजार हाय."

कोशिंबीर गेली. चटणीत लसूण दिसत होता, चटणी गेली. पुसता पुसता ताटात लिंबाची एक फोड उरली. उदयसिंहने हात मागे घेतले. श्रेणिक दारातून म्हणाला, "एवढ्यावर डबा कोण घेईल रं?" कुणी हसलं नाही.

"फोटो बदलता येतोय," पारस म्हणाला. "त्यात काय एवढं?"

"आणि रात्री माझ्या नावानं कोण बोललं?" सीताबाईंनी विचारलं.

"आई, ती मशीन हाय."

सोनल पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, तो कधी चढतच नाही. "भाऊजी, पासवर्ड द्या. मी आपली लावते."

"वहिनी, ती शिकाऊ साईट..."

"शिकाऊ हाय. खोटं बोलत न्हाई."

पारस आईकडे बघू लागला. सीताबाई म्हणाल्या, "तुझी ऱ्हाऊ दे की बाळा, मी काढ म्हणत न्हाई. वरचं माझं नाव तेवढं काढ."

उदयसिंह खालच्या आवाजात म्हणाला, "पारस, नाव काढल्यावर उरलं काय त्यात?" आणि त्याने पासवर्ड सोनलला सांगितला.

सोनल मला 'जुनी'मधून बाहेर काढायला बसली तेव्हा उन्हं उतरू लागली होती. हात शिकलेले असले तरी सवय सुटलेली. एकदा तिने मला चुकीच्या जागी ठेवलं, तिथे मी कुणालाच दिसेना. तिने शबनूर मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "रडू नको. एक एक बघ. पान कुठल्या नावानं ठेवलंयस?" पहिल्या पानाचं नाव तिने बदलून ठेवलं होतं, ते पूर्ववत केलं. माझं ताटाचं चित्र काही केल्या येईना, त्या जागी रिकामी चौकट आणि फोटोमागचे शब्द दिसू लागले. भाकरी, आमटी, दोडका, चटणी. सोनल म्हणाली, "चित्र ऱ्हाऊ दे. शब्द हायत न्हवं." आणि मी माझ्या पत्त्यावर परत उभी राहिले. उजेडात थोडा वेळच राहायला मिळालं. मग सूर्य गेला आणि मी मिटले.

त्यानंतर बयाबाईंना फोन करून समजवावं, असं पारस म्हणाला. सीताबाईंनी नुसती मान हलवली. दिवस मावळला होता, आणि बोलणं डब्याचं होतं. एक पोर हातची जाते आहे म्हणून नियम मोडायचा, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्या माळ घेऊन बसल्या. सोनल त्यांच्या शेजारी बसली. त्या घरात तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की शिरोळकडच्या गावातून मला कुणीतरी उघडून बघत आहे. मला माहीत होतं. एकदा बघितलं, मी मिटलेली. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, तरी मिटलेली.

सकाळी उजाडल्यावर फोन आला.

"सीताक्का, काल दिवस बुडाल्यावर शेजारच्या पोराला म्हटलं, उघड बघू त्यांचं. उघडंना. परत बघितलं, उघडंना, नुसत्या त्या दोन ओळी. तवा जिवाला बरं वाटलं. आदितीचा डबा चालू करा. दोडका तेवढा तिखट करू नगा, तिला सोसत न्हाई."

मी जिंकले असं मी म्हणणार नाही. ज्या दोन घरांनी डबे थांबवले त्यांतलं एक परत आलं नाही. ते मोठं स्वयंपाकघर अजून जोरात चालू आहे. पारस पुण्याला जाताना म्हणाला, "असा धंदा हुत नसतोय, वहिनी." सोनल म्हणाली, "हुईल तेवढा करू." उदयसिंह मात्र एका दुपारी कॅमेरा घेऊन आला, खिडकीजवळच्या उजेडात सीताबाईंच्या खऱ्या ताटाचा फोटो काढला आणि मग तेच ताट जेवून गेला. तो फोटो आज माझ्यावर आहे. भाकरी एका बाजूला थोडी करपलेली दिसते. सोनलने ती तशीच ठेवली.

तर मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पहिली वेबसाईट बनवाल. ती वाकडी होईल, अक्षरं मोठी होतील, रंग चुकतील. होऊ द्या, ते सगळं दुरुस्त होतं. ती जुनी दिसते म्हणून तिची लाज बाळगू नका. अधूनमधून उघडून एवढंच बघा, तिच्यावर लिहिलेलं अजून खरं आहे का. पत्ता बदलला, वेळ बदलली, तर त्याच दिवशी तिला सांगा. तिच्या वतीनेही मीच सांगते : मला सजवा, रुंद करा, हवं तर चित्रं हलती करा, मी नाही म्हणणार नाही. पण जे तुमच्या घरात शिजत नाही ते माझ्या ताटात वाढू नका. वाढलंत तर मी ते जगाला दाखवीन, माझा इलाज नाही. आणि सकाळी फोन येईल तो मला नाही येणार. माझ्या माथ्यावर ज्याचं नाव आहे, त्याला येईल.